ऑश्वित्झ : हिशेब जपणारी भूमी

पोलंडच्या दक्षिण भागात, क्राकोव्ह या जुन्या राजधानीच्या पश्चिमेस सुमारे ६० किलोमीटरवर ओश्वेन्चिम नावाचे एक शहर आहे. रेल्वेमार्गांचे जंक्शन म्हणून ते पूर्वीपासून ओळखले जाई. दुसऱ्या महायुद्धापूर्वी येथील रहिवाशांपैकी निम्म्याहून अधिक ज्यू होते आणि बाजारपेठेतील दुकानांत, वखारींत, लहानमोठ्या कारखान्यांत त्यांचा मोठा वाटा होता. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याने पोलंडवर आक्रमण केले आणि या शहराचे जर्मन नाव रूढ झाले : ऑश्वित्झ. हे नाव उच्चारताच आज जगाला शहर आठवत नाही, आठवते ती तेथील छळछावणी.

त्या छावणीच्या जागी आता एक संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटले की दुर्मीळ शिल्पे, जुनी नाणी, राजेमहाराजांची शस्त्रे डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र काचेआड आहेत फाटके जोडे, वाकलेले चष्मे, पोचे आलेली स्वयंपाकाची भांडी आणि रिकाम्या बॅगा. भंगाराच्या दुकानातही ज्यांना कोणी भाव देणार नाही, अशा या वस्तू. त्या जशा आहेत तशा टिकाव्यात म्हणून अनेक राष्ट्रांनी मिळून कोट्यवधी युरोंचा कायम निधी उभारला आहे. या वस्तूंना एवढे मोल का आले, हे समजून घ्यायचे तर छावणीचा कारभार कसा चाले ते आधी पाहावे लागते.

बराकींतून मृत्युनगरी

छावणीचा आरंभ पोलिश सैन्याच्या जुन्या विटांच्या बराकींत झाला. १४ जून १९४० रोजी तार्नुव्ह शहराच्या तुरुंगातून ७२८ पोलिश राजकीय कैदी येथे आणण्यात आले. पुढे शेजारच्या बिर्केनाऊ येथे १९४१ पासून दुसरी, कित्येक पटींनी मोठी छावणी बांधली गेली आणि १९४२ मध्ये मोनोवित्झ येथे तिसरी. बिर्केनाऊमध्ये विषारी वायूने माणसे मारण्याच्या कोठड्या आणि प्रेते जाळण्याच्या भट्ट्या होत्या. युरोपच्या कानाकोपऱ्यातून ज्यू कुटुंबांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून येथे आणले जाई. गाडी थांबली की डॉक्टरांच्या बोटाच्या इशाऱ्यावर निवड होई. धडधाकट दिसणारे श्रमासाठी बाजूला काढले जात. वृद्ध, आजारी, बहुतेक मुले आणि त्यांच्या माता यांना त्याच दिवशी मृत्यूच्या कोठडीकडे नेले जाई.

सुमारे १३ लाख माणसे या छावणीत आणली गेली. त्यांपैकी सुमारे ११ लाख येथेच मारली गेली. त्यात जवळपास १० लाख ज्यू होते. सुमारे ७० हजार पोलिश नागरिक, २१ हजार रोमा लोक आणि १४ हजारांहून अधिक सोव्हिएत युद्धकैदीही येथे प्राणास मुकले. छावणीत आणलेल्या मुलांची व किशोरवयीनांची संख्या २ लाख ३२ हजारांच्या घरात होती. मुक्तीच्या दिवशी त्यांतली सुमारे ७०० जिवंत सापडली.

दर, बिले आणि पावत्या

या संहारात द्वेष होताच, पण केवळ द्वेषाच्या भरात एवढे मोठे कार्य चालत नाही. त्याला नियोजन लागते, माल लागतो, पुरवठादार लागतात. ऑश्वित्झची खरी भीषणता या थंड, व्यवस्थित कारभारात आहे.

येणाऱ्या प्रवाशांना नव्या गावी वस्ती करून देण्यात येईल असे सांगितले जाई. म्हणून ते घरातील मौल्यवान आणि उपयोगाच्या वस्तू बरोबर घेत. सामान पुढे परत मिळावे यासाठी बॅगेवर ठळक अक्षरांत नाव लिहीत. ते सामान कोठारांत नेऊन वेगळे केले जाई : कपडे एकीकडे, भांडी एकीकडे, चष्मे, घड्याळे, सोने वेगळे. कैद्यांनी या कोठारांना ‘कॅनडा’ असे नाव दिले होते, कारण तो देश त्यांच्या कल्पनेत समृद्धीचा होता. बिर्केनाऊत अशी ३० कोठारे होती. तेथून माल जर्मनीत रवाना होई.

मृतांच्या अंगावरील केसही सोडले नव्हते. ऑगस्ट १९४२ मध्ये छावण्यांच्या मुख्य कचेरीतून हुकूम निघाला की कापलेले केस जपून ठेवावेत. त्यांपासून सूत व नमदा तयार करून पाणबुडीवरील खलाशांसाठी आणि रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी पायमोजे करावयाचे होते. कारखानदारांना हे केस किलोमागे अर्धा मार्क या दराने विकले जात.

जिवंत कैद्यांचाही दर ठरलेला होता. मोनोवित्झजवळ आय. जी. फार्बेन या बलाढ्य रसायन कंपनीने कृत्रिम रबर आणि इंधनाचा कारखाना उभारण्यास घेतला. कुशल कैद्यासाठी दिवसाला ४ मार्क आणि अकुशल कैद्यासाठी ३ मार्क कंपनी छावणीच्या प्रशासनाकडे जमा करी. राबणाऱ्या कैद्याच्या हाती त्यातले काहीच पडत नसे. काम करता करता जो खचे, त्याच्या जागी दुसरा येई.

भट्ट्या पुरवणारी पेढी होती एर्फुर्ट शहरातील टोप्फ आणि पुत्र. १८७८ मध्ये स्थापन झालेला हा कुटुंबाचा व्यवसाय धान्य मोडवण्याची व वाळवण्याची यंत्रसामग्री बनवण्यासाठी नावाजलेला होता. छावण्यांसाठी केलेल्या भट्ट्या हा त्यांच्या उलाढालीचा अगदी लहान भाग होता. हे काम सोडले असते तर पेढी बुडाली नसती. तरीही तिचे अभियंते छावणीत येऊन मोजमाप घेत, भट्ट्या जोडून देत आणि अधिक प्रेते अखंड जाळता यावीत यासाठी नव्या रचनेचे आराखडे करीत. १९४२ मध्ये अशा एका रचनेच्या पेटंटसाठी अर्जही झाला होता.

वायूची कथाही अशीच आहे. झायक्लॉन बी हे मुळात कीटकनाशक. गोदामांतील व जहाजांतील किडे आणि कपड्यांतील उवा मारण्यासाठी ते सर्रास विकले जाई. हॅम्बर्गची टेश आणि श्टाबेनो ही पेढी त्याचा पुरवठा छावण्यांना करी. युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयात पेढीचे मालक ब्रूनो टेश यांनी बचाव केला की मालाचा हा उपयोग आपल्याला ठाऊक नव्हता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. १९४६ मध्ये टेश आणि त्यांचे मुख्य व्यवस्थापक या दोघांना फाशी झाली. आय. जी. फार्बेनच्या १३ अधिकाऱ्यांनाही न्यूरेंबर्ग येथे शिक्षा झाल्या, परंतु त्यांतली सर्वांत मोठी शिक्षा ८ वर्षांची होती. टोप्फ बंधूंपैकी एकाने मे १९४५ मध्ये आत्महत्या केली, दुसरा पश्चिम जर्मनीत राहिला आणि त्याला कधीच शिक्षा झाली नाही.

या सर्व पेढ्यांच्या कचेऱ्यांत पत्रव्यवहार नीट लावलेला होता, बिले वेळेवर पाठवली जात होती आणि येणे वसूल होत होते. व्यापाराच्या नेहमीच्या कसोट्यांवर त्या उतरल्या असत्या. आपला माल कोठे जातो आणि तेथे त्याचे काय होते, एवढाच एक प्रश्न विचारायचा राहिला होता. एर्फुर्ट येथील टोप्फ यांच्या जुन्या कचेरीच्या इमारतीत २०११ पासून स्मारक आहे आणि तो प्रश्नच तेथे प्रत्येक पाहुण्यापुढे ठेवला जातो.

पुरावा वाचवणारे कैदी

जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य जवळ येताच पुरावा नष्ट करण्याची धावपळ सुरू झाली. कागदपत्रांचे ढीग जाळले गेले. भट्ट्यांच्या इमारती सुरुंगाने उडवल्या. ‘कॅनडा’च्या कोठारांना आग लावली, ती कित्येक दिवस धुमसत होती. सुमारे ५६ हजार कैद्यांना कडाक्याच्या थंडीत पायी पश्चिमेकडे हाकलण्यात आले. वाटेत हजारो मृत्युमुखी पडले. २७ जानेवारी रोजी सोव्हिएत सैनिक आत शिरले, तेव्हा सुमारे ७ हजार कैदी मागे उरले होते. न जळालेल्या कोठारांत लाखो कपडे होते आणि जर्मनीला पाठवण्यासाठी पोत्यांत भरलेले सुमारे ७ टन केस होते. क्राकोव्हच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा त्या केसांत विषारी वायूचे अंश आढळले.

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पोलंडमध्ये लोकांना डोक्यावर छप्पर नव्हते. बिर्केनाऊच्या लाकडी बराकी मोडून त्यांची फळी न् फळी बांधकामासाठी नेली जाऊ लागली. गरजूंना दोष देणे कठीण होते, पण असेच चालू राहिले असते तर काही वर्षांत तेथे नुसते कुरण उरले असते. तेव्हा पुढे आले ते छावणीतून वाचलेले काही माजी कैदी. ज्या जागेचे नाव काढताच थरकाप व्हावा, तेथे ते परत राहायला आले. त्यांनी पहारा दिला, वस्तू गोळा केल्या, येणाऱ्यांना परिसर दाखवला. १४ जून १९४७ रोजी, म्हणजे पहिले कैदी आणल्याला बरोबर ७ वर्षे झाली त्या दिवशी, संग्रहालय खुले झाले. २ जुलै १९४७ रोजी पोलंडच्या संसदेने त्यासाठी कायदा केला. पहिले संचालक तादेउश वोंसोविच हे स्वतः येथील माजी कैदी होते. १९५५ ते १९९० एवढा दीर्घ काळ संचालकपद सांभाळणारे काझिमिएझ स्मोलेन हेही माजी कैदीच होते. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले तेही २७ जानेवारीलाच, छावणीच्या मुक्तिदिनी.

चुकीची बेरीज दुरुस्त झाली

संग्रहालयाच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, जो हिशेबाची चाड असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. युद्ध संपताच सोव्हिएत आयोगाने भट्ट्यांच्या क्षमतेवरून अंदाज बांधला की येथे ४० लाख माणसे मारली गेली. हाच आकडा पुढे अनेक दशके स्मारकाच्या शिलालेखांवर कोरलेला होता. संग्रहालयातील इतिहासकार फ्रांचिशेक पिपेर यांनी गाड्यांच्या नोंदी, शहराशहरांतून पाठवलेल्या लोकांच्या याद्या आणि कैद्यांचे क्रमांक पडताळून पाहिले. त्यांच्या संशोधनातून निघालेला आकडा सुमारे ११ लाखांचा होता. १९९० मध्ये जुने शिलालेख उतरवण्यात आले.

हा निर्णय सोपा नव्हता. संहार झालाच नाही असे म्हणणारे लोक जगात तेव्हाही होते, आजही आहेत. आकडा खाली आणला तर त्यांना आयते निमित्त मिळेल, ही भीती खरी होती. तरीही संग्रहालयाने फुगलेली बेरीज पुढच्या पिढीच्या माथी मारली नाही. मृतांचा सन्मान त्यांची संख्या वाढवून होत नाही. ज्या वहीत एक रक्कम खोटी, त्या वहीतील खऱ्या रकमांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि येथे मूळ वहीच अपुरी आहे. छावणीच्या कचेरीने ठेवलेल्या मृत्युनोंदींची ४६ बाडे सापडली आहेत. त्यांत सुमारे ६९ हजार नावे आहेत आणि मृत्यूची कारणे बहुधा खोटी लिहिलेली आहेत. गाडीतून उतरवून थेट कोठडीकडे नेलेल्या लाखो माणसांची नोंद कधी झालीच नाही. त्यांना क्रमांकही मिळाला नाही. त्यांच्या अस्तित्वाचा इथला शेवटचा पुरावा कित्येकदा एखादी बॅग असते, एखादा जोडा असतो.

जसे आहे तसे

संग्रहालयाचा परिसर १९१ हेक्टरचा आहे. त्यात सुमारे १५५ इमारती, ३०० अवशेष आणि कुंपणाचे कित्येक किलोमीटर आहेत. संग्रहात सुमारे १ लाख १० हजार जोडे, ३,८०० बॅगा, १२ हजारांहून अधिक भांडी, जवळपास ४७० कृत्रिम अवयव आणि २ टनांच्या आसपास केस आहेत. बॅगांपैकी सुमारे २,१०० बॅगांवर मालकाचे नाव वाचता येते. १९७९ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून स्वीकारली.

येथील प्रयोगशाळेत जतनाचा नियम कडक आहे : काही नवे जोडायचे नाही, जुने काही काढायचे नाही. जोड्यावरील बुरशी थांबवायची, पण फाटका तळवा शिवायचा नाही. भांड्यावरचा गंज रोखायचा, पण पोचा काढायचा नाही. सुरुंगाने कोसळलेल्या भट्ट्यांचे छप्पर पुन्हा उभारायचे नाही, फक्त ते आणखी खचू द्यायचे नाही. दुरुस्त केलेला पुरावा हा पुरावा राहत नाही.

केसांचा प्रश्न मात्र वस्तूंच्या पलीकडचा आहे. तो मानवी देहाचा अंश आहे. काहींच्या मते त्यांचे विधिपूर्वक दफन व्हायला हवे. शेवटच्या विश्रांतीचा तेवढा हक्क तरी मृतांना मिळावा. इतरांचे म्हणणे असे की ते नजरेआड झाले तर जे घडले त्याचा सर्वांत निरुत्तर करणारा साक्षीदार नाहीसा होईल. संग्रहालयाने ते काचेआड ठेवले आहेत, पण टिकवण्यासाठी त्यांवर कोणतीही रासायनिक प्रक्रिया केली जात नाही. वर्षे जातील तसे ते झिजतील आणि मातीमोल होतील, आणि ते तसे होऊ देण्यातच मृतांचा मान आहे, अशी यामागची धारणा. त्या दालनात छायाचित्र घेण्यास मनाई आहे.

वस्तू कोणाची, हा प्रश्नही एकदा न्यायालयात गेला. पॅरिसमधील एका प्रदर्शनासाठी पाठवलेल्या बॅगांपैकी एकीवर एका वृद्ध गृहस्थाला आपल्या वडिलांचे नाव दिसले. ऑश्वित्झला नेलेले वडील परत आलेच नव्हते. ही बॅग पुन्हा त्या जागी जाऊ नये, असा मुलाचा आग्रह होता. एकेक वस्तू वारसांकडे गेली तर साक्षच विखरून जाईल, असे संग्रहालयाचे म्हणणे. शेवटी २००९ मध्ये समझोता झाला आणि बॅग दीर्घ मुदतीने पॅरिसमध्येच ठेवण्यात आली. मुलाचा दावा न्याय्य होता आणि संग्रहालयाची चिंताही खोटी नव्हती. काही हिशेब दोन्ही बाजूंनी बरोबर असतात आणि तरी त्यांचा मेळ बसत नाही.

काही वस्तू मात्र अजूनही नव्याने बोलतात. २०१६ मध्ये एका साध्या एनॅमलच्या पेल्याची देखभाल करताना त्याचा गंजलेला तळ सुटला. खाली दुसरा तळ होता आणि मधल्या पोकळीत जपून गुंडाळलेली सोन्याची अंगठी आणि साखळी. जाताना कोणीतरी संसाराची शेवटची पुंजी तेथे लपवली होती. पुढे कधीतरी घर पुन्हा उभे करता येईल अशी आशा त्या माणसाला होती, हे त्या दुहेरी तळावरून कळते. २०२० मध्ये एका लहान मुलाच्या जोड्यात हाताने लिहिलेले नाव सापडले. शोध घेता कळले की तो मुलगा प्रागचा होता, वय ६ वर्षांचे, आणि त्याच्या वडिलांची बॅग आधीपासूनच संग्रहात होती.

मुद्दलाला हात न लावता

असे जतन खर्चिक असते. बिर्केनाऊच्या विटांच्या बराकी दलदलीच्या जमिनीवर घाईने, कच्च्या बांधणीच्या उभारलेल्या. त्या दीर्घ काळ टिकाव्यात असा त्या बांधणाऱ्यांचा हेतूच नव्हता. वर्षानुवर्षे दारोदार मदत मागून हे काम होण्यासारखे नव्हते. २००९ मध्ये व्वादिस्वाव बार्तोशेव्स्की यांच्या पुढाकाराने यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. तरुणपणी ते याच छावणीत कैदी होते आणि पुढे दोनदा पोलंडचे परराष्ट्रमंत्री झाले. प्रतिष्ठानची रचना आपल्याकडील पांजरापोळ, धर्मशाळा किंवा पाठशाळेच्या विश्वस्तांना चटकन समजेल : १२ कोटी युरोंचा ध्रुवनिधी उभारायचा, मुद्दल कायम शाबूत ठेवायचे आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी जतनाचे काम करायचे. निम्मी रक्कम, ६ कोटी युरो, एकट्या जर्मनीने दिली. ती तेथील केंद्र सरकार आणि राज्ये यांनी वाटून घेतली. उरलेल्या रकमेत तीसहून अधिक देशांचा वाटा आहे. पुढे २०१९ मध्ये जर्मनीने आणखी ६ कोटी युरो देण्याचे जाहीर केले.

या रकमेने झालेल्या गुन्ह्याची भरपाई होत नाही आणि तसा दावाही कोणी केलेला नाही. आजोबांच्या पिढीचे देणे फिटणारे नाही हे ठाऊक असूनही नातवंडांच्या पिढीने ते नाकारले नाही, आपल्या खात्यावर घेतले, एवढा त्याचा अर्थ. ज्या जागी माणसांच्या देहाचा दर लावला गेला, तेथे आज कवडीमोल वस्तूंसाठी पिढ्यानपिढ्यांचे मुद्दल अनामत ठेवले आहे.

२०१९ मध्ये २३ लाखांहून अधिक लोकांनी ही जागा पाहिली. प्रवेशासाठी शुल्क नाही, मात्र आधी वेळ नोंदवावी लागते. १४ वर्षांखालील मुलांना शक्यतो आणू नये, असे संग्रहालय सुचवते. युरोपच्या प्रवासास निघालेल्या कुटुंबांनी क्राकोव्हहून एक पूर्ण दिवस यासाठी राखून ठेवावा आणि मोठ्या मुलांना आधी घरीच या विषयाची ओळख करून द्यावी. मुख्य छावणीतील २७ क्रमांकाच्या इमारतीत ‘नावांचा ग्रंथ’ आहे. युरोपभर मारल्या गेलेल्या ज्यूंपैकी सुमारे ४२ लाख जणांची नावे त्यात होती, तेव्हा २०१३ मध्ये तो प्रथम मांडण्यात आला. शोध अजून चालू आहे.

२७ जानेवारी २०२५ रोजी मुक्तीचा ८० वा स्मृतिदिन झाला. अनेक देशांचे राजे, राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान आले होते, पण व्यासपीठावरून राजकीय नेत्यांपैकी कोणालाही बोलू दिले गेले नाही. बोलले ते वाचलेले वृद्ध कैदी. दहा वर्षांपूर्वीच्या सोहळ्यास त्यांच्यातील सुमारे ३०० जण आले होते, या वेळी ५० च्या आसपास. ती माणसेही एके दिवशी नसतील. त्या वेळी प्रयोगशाळेतील टेबलावर लहान मुलांचे जोडे असतील. संग्रहात ते सुमारे ८,००० आहेत. मऊ ब्रशने त्यांच्यावरील बुरशी काढली जाईल, आत एखादे नाव आहे का ते पाहिले जाईल आणि असल्यास त्याची नोंद केली जाईल.